घरचा मसाला आईच्या हातातून वहीत उतरवताना

घरच्या मसाल्याची कृती बहुतेक घरांत अर्धी वहीत आणि अर्धी हातात असते. वहीत धणे, खोबरे, तीळ, दगडफूल अशी नावे सापडतात. पण ‘थोडे’, ‘मूठभर’, ‘रंग बदलेपर्यंत’, ‘वास सुटला की’ या शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्या हातालाच ठाऊक असतो. मुलगी किंवा मुलगा दुसऱ्या गावी संसार मांडतो, आईने फोनवर सांगितलेली यादी वाण्याकडे देतो, सांगितल्याप्रमाणे सगळे भाजतो, आणि पहिल्याच आमटीला कळते की ही ती चव नव्हे. मग आईने काहीतरी सांगायचे राहून गेले असावे, अशी शंका येते. आईने काही लपवलेले नसते. माप चुकते, एकाच नावाखाली वेगळा जिन्नस येतो, किंवा भाजणी कमीजास्त होते. या तिन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी मसाला करणारी व्यक्ती धडधाकट असताना एक उन्हाळा राखून ठेवावा लागतो.

मसाला नेमका कोणता, ते आधी ठरवा

‘आमचा काळा मसाला’ एवढ्याने काहीच ठरत नाही. पुण्याकडच्या अनेक घरांत काळा मसाला आणि गोडा मसाला ही एकाच मसाल्याची नावे आहेत: धणे, खोबरे, तीळ जास्त, तिखट नाममात्र, आमटी आणि भरल्या वांग्यासाठी. खानदेशात आणि नगरकडे काळा मसाला म्हटले की गडद भाजलेला, झणझणीत, रश्श्याचा मसाला समोर येतो. मराठवाड्यातल्या येसरात धान्य आणि डाळही भाजून घातलेली असते, म्हणून त्याने रस्सा दाटही होतो. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला ओलसर असतो. मालवणी आणि आगरी-कोळी मसाल्यांत मिरची पुढे असते. वसई आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांचा बॉटल मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरत, आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले.

हे वेगळेपण माहीत असणे शोभेपुरते नाही. पुस्तकातून किंवा व्हिडिओतून ‘काळ्या मसाल्या’चे माप घेऊन आईच्या यादीतल्या गाळलेल्या जागा भरल्या, तर दोन प्रांतांची खिचडी होते. गाळलेली जागा भरायची असेल तर मावशी, आत्या किंवा आईची जाऊ यांच्याकडून भरावी.

पुढची माहिती गोडा मसाला डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. इतर कोरड्या मसाल्यांनाही ती लागू पडते. कांदा-लसूण मसाल्याचे नियम वेगळे आहेत आणि ते साठवणीच्या भागात आले आहेत.

जुन्या वहीतील मापे

आजीच्या वहीत पावशेर, अदपाव, छटाक, तोळा असे शब्द असतील तर ते आजच्या वजनात बदलून घ्यावेत. भारतात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्या हिशेबाने:

- पावशेर: सुमारे २३३ ग्रॅम
- अदपाव: सुमारे ११७ ग्रॅम
- छटाक: सुमारे ५८ ग्रॅम
- तोळा: ११.६६ ग्रॅम

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. दशमान पद्धत रुळल्यावर लोक २५० ग्रॅमला ‘पाव’ म्हणू लागले आणि सराफ १० ग्रॅमला ‘तोळा’. वही १९५५ ची असेल तर जुना हिशेब, १९७५ ची असेल तर नवा. सगळेच जिन्नस पावशेर-अदपावात असतील तर फरक पडत नाही, कारण प्रमाण तेच राहते. पण धणे किलोत आणि लवंग तोळ्यात, अशी मिसळ असेल तर फरक पडतो. दुसरी गोष्ट अशी की मुंबईचा जुना शेर २८ तोळ्यांचाच होता, म्हणजे प्रमाण शेराच्या जेमतेम एक तृतीयांश. मुंबईच्या आजीची वही आणि नागपूरच्या आजीची वही म्हणूनच एकमेकींशी ताडून पाहू नयेत.

चिपटे आणि मापटे ही वजने नव्हेत, ती भरून घ्यायची मापे आहेत. मापटेभर धणे आणि मापटेभर तीळ यांच्या वजनात बराच फरक असतो. तेच भांडे घरात असेल तर ते फेकू नये. त्यात एकेक जिन्नस भरून वजन घ्यावे आणि वहीत त्या शब्दासमोर लिहावे. घरातल्या वाटीचेही तसेच. ‘एक वाटी’ म्हणजे कोणती वाटी, हे ती वाटी पाण्याने भरून मोजल्याशिवाय कळत नाही. काही घरांत ती १०० मिलिलिटरची असते, काहींत २०० ची.

हाताचे वजन कसे घ्यावे

मसाला करणाऱ्या बाईला ‘किती घालू?’ असे विचारले की उत्तर चुकीचे येते. ती खोटे बोलत नाही. आजवर तिने त्याचे उत्तर शब्दांत कधी दिलेलेच नसते. म्हणून विचारण्याऐवजी तिला करू द्यावे आणि मोजणाऱ्याने फक्त काटा वाचावा. पद्धत सोपी आहे. धण्यांची भरलेली पिशवी किंवा डबा काट्यावर ठेवायचा आणि आकडा लिहायचा. तिने नेहमीप्रमाणे हाताने जिन्नस काढून घ्यायचा. पुन्हा आकडा लिहायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तिची मूठ. तिला चमचे आणि कप देऊन ‘मोजून घाल’ म्हटले, तर ती अवघडते आणि माप बदलते.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा धणे, खोबरे, तीळ, जिरे यांना पुरतो. लवंग, जायपत्री, नागकेशर, हिंग यांसाठी तो अपुरा पडतो, कारण ग्रॅमभराचा फरकही या जिन्नसांत जाणवतो. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा खिशातला काटा त्यासाठी घ्यावा.

मोजणी एकदा करून थांबू नये. त्याच बाईने दोन वर्षे केलेल्या मसाल्यांची मापे शेजारी शेजारी ठेवली, की कुठला जिन्नस ती जपून घालते आणि कुठला ढिल्या हाताने, ते दिसते. जपून घातलेले जिन्नस त्या घराच्या चवीचे असतात. बाकीच्यांत थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते.

तुमच्या घरचे माप पडताळायला एक सर्वसाधारण आराखडा उपयोगी पडेल. ५०० ग्रॅम धण्यांना सुके खोबरे १५० ते २५० ग्रॅम, तीळ १०० ते १५० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅमच्या आसपास. शहाजिरे, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरी हे प्रत्येकी १० ते २५ ग्रॅमच्या टप्प्यात. बाद्यान, नागकेशर, जायपत्री, वेलदोडे, हिंग याहून कमी. मिरची काही घरांत अजिबात नसते, काहींत ५० ते १०० ग्रॅम असते. तुमच्या वहीतला एखादा आकडा यापासून फार लांब असेल, तर आधी लिहिण्यातली चूक तपासावी. चूक नसेल, तर तो आकडा हीच तुमच्या घराची खूण समजावी आणि त्याला हात लावू नये.

वाण्याकडे काय मागावे

यादीतले नाव आणि दुकानातला जिन्नस यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही. सर्वांत जास्त घोळ ‘काळे जिरे’ या नावाचा आहे. कुठे त्या नावाने शहाजिरे मिळते, कुठे कलौंजी, तर कुठे कडू जिरे. तिन्ही वेगळ्या वनस्पतींची बीजे आहेत आणि मसाल्याला त्यातले शहाजिरेच लागते. बारीक, किंचित वाकडे, गडद तपकिरी आणि चुरगळल्यावर गोडसर वास देणारे ते शहाजिरे. कलौंजी काळी कुळकुळीत आणि तिकोनी असते.

- बाद्यान: यालाच चक्रीफूल किंवा बदामफूल म्हणतात. यादीत दोन ओळींवर दोन नावे असतील, तर तो एकच जिन्नस दोनदा लिहिला गेला आहे का ते विचारावे.
- जायपत्री आणि रामपत्री: रामपत्री दिसायला जवळची, वासाला फिकी आणि स्वस्त. घरची कृती मुळातच रामपत्रीची असेल तर तीच घ्यावी; नसेल तर पुडी उघडून वास घेतल्याशिवाय जायपत्रीचे पैसे देऊ नयेत.
- दालचिनी: बाजारातली जाड, कडक साल बहुतेक वेळा कॅसियाची असते. खरी दालचिनी पातळ, थरांची आणि हाताने सहज मोडणारी. घरचा मसाला वर्षानुवर्षे जाड सालीवर होत आला असेल, तर ‘खरी’ दालचिनी घालून चव सुधारत नाही, बदलते.
- दगडफूल: हे फूल नव्हे, दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारे शैवाक आहे. त्यात माती आणि सालीचे तुकडे हमखास असतात. निवडून, चाळून मगच वजन करावे.
- नागकेशर: मागताना सुक्या, देठासकट असलेल्या बारीक कळ्या पाहून घ्याव्यात.

मिरचीचा भाग वेगळा, कारण गेल्या काही दशकांत मसाल्याची चव मिरचीनेच सर्वांत जास्त बदलली आहे. बेडगी मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला भरपूर आणि तिखटाला सौम्य असते. तिच्यात डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार विकले जातात. गुळगुळीत सालीची, तिखट संकरित मिरची ‘बेडगी’ म्हणून सर्रास मिळते. आईच्या यादीत ‘बेडगी’ आहे आणि तुमचा मसाला रंगाला फिका पण तिखटाला जहाल झाला, तर कारण बहुतेक हेच असते. संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी अशा दोन-तीन मिरच्या मिसळण्याची घरची पद्धत असेल तर ते प्रमाणही वजनात लिहावे. ‘अर्धी-अर्धी’ पुरत नाही. विदर्भातली भिवापूरची मिरची, वायगावची हळद आणि सांगलीची हळद यांनाही मानांकन आहे. पण मानांकनाचे नाव आणि पुडीतला माल यांचा संबंध विक्रेत्याच्या बिलावरूनच कळतो.

मिरची निवडताना आत बुरशी दिसली, तर ती मिरची टाकून द्यावी. ऊन देऊन किंवा भाजून बुरशीतले विष जात नाही.

भाजणी

मसाल्याचे मर्म इथे आहे आणि लिहून ठेवायला सर्वांत अवघड भागही हाच. ‘खमंग भाजावे’ या दोन शब्दांत एका घरचा मसाला फिका राहतो आणि दुसऱ्या घरचा काळा होतो. गोड्या मसाल्यात खोबरे आणि तीळ किती पुढे न्यायचे, यावर मसाल्याचा रंग ठरतो. रंगाबरोबर आमटीतला गोडसरपणा किंवा कडवटपणाही त्यावरच ठरतो.

भाजणी आकड्यात पकडण्याचा एक उपाय आहे. भाजण्याआधी वजन घ्यावे आणि गार झाल्यावर पुन्हा घ्यावे. भाजताना ओलावा उडतो, त्यामुळे वजन घटते; जितकी भाजणी पुढे, तितकी घट जास्त. आईच्या कढईतले ५०० ग्रॅम धणे भाजल्यावर किती भरले, हा आकडा हाती असला की पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी, दुसऱ्या शेगडीवर तीच भाजणी गाठता येते. तेलात परतलेल्या जिन्नसांना हा उपाय लागू होत नाही, कारण तेल वजनात मिसळते. त्यांच्यासाठी रंगच पाहावा लागतो. त्याकरता प्रत्येक भाजलेल्या जिन्नसाचा चमचाभर नमुना छोट्या काचेच्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवावा. फोटोवर विसंबू नये. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हा नियम मोडू नये. धण्यांना लागणाऱ्या वेळात तमालपत्राचा कोळसा होतो. क्रम साधारण असा ठेवला जातो:

१. कोरडे भाजायचे जिन्नस आधी: धणे, जिरे, शहाजिरे, तीळ, खसखस. तीळ तडतडू लागले की लगेच उतरवावेत.

२. किसलेले सुके खोबरे मंद आचेवर, सतत हलवत. याला वेळ लागतो. आच वाढवून घाई केली तर कीस वरून काळा आणि आतून कच्चा राहतो, आणि असा मसाला लवकर खवट होतो.

३. थोड्या तेलात लवंग, मिरी, दालचिनी, बाद्यान, वेलदोडे, नागकेशर. लवंग फुगली की झाली.

४. उरलेल्या तेलात दगडफूल, तमालपत्र, जायपत्री आणि मिरच्या. हे काही सेकंदांचे काम आहे. मिरची काळी पडली तर अख्खा मसाला कडू होतो आणि त्यावर उपाय नाही.

५. हिंगाचा खडा आणि हळकुंडाचे तुकडे तेलात तळून. हिंग फुलला पाहिजे. आत कच्चा राहिलेला खडा कुटताना चिकटतो.

कढई लोखंडी असेल तर गॅस बंद केल्यावरही भाजणी चालूच राहते. जिन्नस कढईत न ठेवता लगेच परातीत पसरावा. आईची कढई पितळेची किंवा लोखंडी आणि तुमची नॉनस्टिक असेल, तर वेळ तीच ठेवून उपयोग नाही. घट आणि रंग पाहावा.

कांडप, चक्की की मिक्सर

कांडप गिरणीत, म्हणजे डंकावर, मसाला कुटला जातो. पिठाच्या चक्कीत तो दळला जातो. कुटलेल्या मसाल्यात तेल अंगच्या अंगी राहते आणि पोत किंचित भरड येतो. आईचा मसाला डंकाचा असेल तर तुमच्या मसाल्याचाही डंकच शोधावा. मिक्सरमध्ये एका वेळी थोडेच वाटावे आणि भांडे तापू लागले की थांबावे, नाहीतर तीळ-खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. धणे-मिरच्या आधी, तेलकट जिन्नस शेवटी, हा क्रम सगळीकडे चालतो.

गिरणीत जाताना ध्यानात ठेवावे असे:

- आधीच्या गिऱ्हाइकाचे काय कुटले ते विचारावे. मिरचीच्या मागून गोडा मसाला गेला तर तो गोडा राहत नाही.
- पहिले मूठभर धणे कुटून बाजूला काढावेत. त्यात डंकातला मागचा माल निघून येतो.
- घरात कुणाला शेंगदाणा, मोहरी किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर सामाईक डंक टाळावा. मूठभर धण्यांनी डंक तेवढा स्वच्छ होत नाही.
- गाळलेला कोंडा परत घालून कुटायचा की वेगळा ठेवायचा, हे घरच्या पद्धतीने ठरवावे आणि वहीत लिहावे. कोंडा काढून टाकलेला मसाला चवीला वेगळा लागतो, आणि ही गोष्ट जवळजवळ कुणीच लिहून ठेवत नाही.
- नेताना आणि आणताना वजन करावे. थोडी घट होतेच, कारण उडते आणि चिकटते. बरीच घट आली तर समोर उभे राहून कुटून घेणे बरे.

साठवण

कुटलेला मसाला गरम असतो. तो परातीत पसरून पूर्ण गार करावा, मगच भरावा. गरम भरला तर झाकणाला पाणी सुटते आणि तिथूनच बुरशी लागते. चिनी मातीची किंवा काचेची बरणी, कोरडा चमचा, ऊन आणि शेगडीपासून लांब, हे सगळ्यांना ठाऊक असते. वर्षाचा मसाला मात्र एकाच मोठ्या बरणीत ठेवून तीच रोज उघडण्याची चूक होते. रोजच्या वापराची छोटी बरणी वेगळी काढावी आणि मोठी महिन्याला एकदाच उघडावी. मधे हिंगाचे खडे ठेवण्याची रीत चांगली आहे.

आधी बिघडतात ते तेलकट जिन्नस: खोबरे, तीळ, खसखस. मसाल्याला कीड नसेल, बुरशी नसेल आणि तरी आमटीला जुनाट तेलाचा वास येत असेल, तर खोबरे खवट झाले आहे. तो मसाला वाचवता येत नाही. शहरातल्या छोट्या घरांना याला एक चांगला पर्याय आहे: खोबरे आणि तीळ न घालता बाकीचा मसाला वर्षाचा करावा, आणि ते दोन जिन्नस दर दोन-तीन महिन्यांनी ताजे भाजून ठरल्या वजनात मिसळावेत. वजने लिहिलेली असतील तरच हे जमते.

कांदा-लसूण मसाल्यात ओलावा असल्यामुळे त्याला बाहेर वर्षभर ठेवण्याचा भरवसा देता येत नाही. कांदा-लसूण पूर्ण कोरडे होईपर्यंत तळले किंवा वाळवले आणि मीठ पुरेसे असले तरी तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि लहान प्रमाणात करावा.

नवा मसाला केल्या दिवशीच चाखून निकाल लावू नये. आठ-दहा दिवस तो मुरू द्यावा.

करणारी व्यक्ती आता नसेल तर

तेव्हाही सगळे संपलेले नसते. जुन्या बरणीच्या तळाशी थोडा मसाला उरला असेल तर तो हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावा. चवीला तो उतरला असेल, पण रंग आणि भरडपणा जुळवायला पुरतो. कपाटात वाण्याची जुनी बिले किंवा यादीचे चिठोरे सापडतात. किलो धण्यांमागे किती लवंग आणली, हे त्यात लिहिलेले असते, आणि वहीपेक्षा ते खरे निघते. जवळच्या बायकांना कृती विचारण्याऐवजी ‘तिच्या मसाल्यात काय नव्हते?’ असे विचारावे. नसलेल्या जिन्नसांची आठवण पक्की असते.

त्यानंतर १०० ग्रॅमचेच घाणे करून पाहावेत आणि दर घाण्यात एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी बदलल्या तर चव कशामुळे जवळ आली ते कळत नाही. चाचणी साध्या तुरीच्या आमटीवर करावी: डाळ तेवढीच, गूळ-चिंच तेवढीच, मसाला वजन करून. भरल्या वांग्यावर चाचणी घेणे टाळावे. शेंगदाणे आणि खोबरे मसाल्याचे दोष झाकतात.

परदेशी नेताना

खसखस हा इथला खरा धोका आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. ‘मसाल्यात मिसळलेली आहे’ हे कारण तिथे चालत नाही. या देशांत जाणाऱ्या मुलामुलींसाठी खसखस न घातलेला वेगळा घाणाच करावा. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवासी पत्रकावर खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. लपवल्यास दंड होतो, जाहीर केल्यास फार तर माल जप्त होतो. भारतातून निघताना मसाल्याची भुकटी हातातल्या बॅगेत ठेवू नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेण्यावरही निर्बंध आहेत, म्हणून ‘तिथे ताजे भाजू’ या विचाराने खोबरे बरोबर घेण्याआधी विमान कंपनीचे नियम पाहावेत.

कृतीवर हक्क कुणाचा

हा प्रश्न घराघरांत विचारला जातो, विशेषतः एखादी जाऊ किंवा चुलत भाऊ ‘आमच्या आजीचा मसाला’ म्हणून विक्री सुरू करतो तेव्हा. कायद्याचे उत्तर बहुतेकांना आवडत नाही: जिन्नसांची यादी आणि कृती यांवर कुणाचीच मालकी नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ लिहिलेल्या शब्दांना, चित्रांना, छायाचित्रांना संरक्षण देतो. कल्पनेला किंवा पद्धतीला देत नाही. आजीच्या वहीतला मजकूर कुणी जसाच्या तसा छापला तर वारस आक्षेप घेऊ शकतात, कारण तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही टिकतो. पण तीच कृती स्वतःच्या शब्दांत सांगून मसाला विकणाऱ्याला अडवता येत नाही. पेटंटही मिळत नाही: पारंपरिक ज्ञान आणि जिन्नसांचे साधे मिश्रण ही दोन्ही पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ ने वगळली आहेत.

हाती उरतात ते दोन मार्ग. एक म्हणजे नाव. मसाल्याच्या नावाचे ट्रेडमार्क म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असून तिचे नूतनीकरण होते. निव्वळ आडनाव ठेवले तर हरकती येण्याची शक्यता जास्त, शिवाय त्याच आडनावाच्या भावकीशी वाद अटळ. दुसरा मार्ग म्हणजे गुपित. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, म्हणून कृती मदतनीसाला किंवा बाहेरच्या उत्पादकाला देण्याआधी लेखी गोपनीयता करार करावा. अनेक छोटे उद्योग भाजून मिसळण्याचे शेवटचे काम घरच्या माणसाकडेच ठेवतात. करारापेक्षा हे स्वस्त पडते.

विकायचा विचार असेल तर

शेजारणीला किलोभर करून देणे आणि पैसे घेऊन नियमित विकणे यांत फरक आहे. घरून विक्री असली तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. उलाढाल छोटी असेल तर परवाना लागत नाही, पण नोंदणी लागते. ती भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर स्वतः करता येते. उलाढालीची मर्यादा आणि शुल्क अर्ज भरताना तिथेच पाहून घ्यावे, कारण ते बदलत असते. दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, तो पॅकबंदच विकावा लागतो. पाकिटावर १४ अंकी नोंदणी क्रमांक, उतरत्या क्रमाने जिन्नस, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, बॅच क्रमांक, शाकाहारी चिन्ह, नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि कमाल किरकोळ किंमत हवी.

जिन्नसांची यादी छापावी लागते याने अनेक जणी बिचकतात. प्रमाण छापावे लागत नाही, फक्त क्रम. आणि भाजणी तर पाकिटावर मावतच नाही.

नवी मिरची साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते, आणि एप्रिल-मेमध्ये कांडपाच्या गिरण्यांपुढे रांगा लागतात. काटा त्याआधी घरात आणून ठेवा आणि आईला तारीख विचारून सुट्टी टाका.